पट्टी संपेपर्यंत

मोठ्या सिस्टर, फादर, पालक मंडळी, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मुलींनो,

तुम्ही सगळे इतक्या उन्हात आलात. मला मात्र सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. उगीच उठते, उगीच पाणी पिते. बोला म्हटलं तेव्हा मी साफ नाही म्हणाले होते. मग वाटलं, मी बोलले नाही तर सगळे चांगलं चांगलं बोलतील, चहा पितील आणि घरी जातील. ते काही मला सहन होईना.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मी सुमन. या शाळेत मराठी शिकवते. फिलोमिना बाई शिवण शिकवायच्या. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. बाईंना ताप भरला, तो डोक्यात गेला, आणि रविवारी आपण त्यांना माती देऊन आलो. ती खुर्ची अजून तिथंच आहे. मला तिच्याकडे बघवत नाही आणि कुणी हलवली तरी मी भांडेन.

बाई वसईकडच्या. त्यांची मराठी ऐकून मी हसायचे, माझी ऐकून त्या हसायच्या. म्हणायच्या, "सुमनबाई, तुम्ही इंदूरवाले मराठीत चढता आणि हिंदीत उतरता." मी म्हणायचे, "तो क्या हुआ बाई, पोचतो ना ठिकाणावर?" मग कात्री ठेवून हसायच्या. असं कुणाशी हसायचं आता मी?

पण आज मला त्यांच्या हसण्याबद्दल बोलायचं नाही. मला शनिवारबद्दल बोलायचं आहे.

शाळेत कॅथलिक मुलींचं एक मंडळ आधीपासून होतं. त्यांची प्रार्थना, त्यांची निळी फीत, फितीला मेरीमातेचं पदक. बाईंनी त्या मंडळाला शनिवारचं काम लावलं. दवाखान्यात जायचं. बायकांच्या वॉर्डात वेण्या घालायच्या, पाणी पाजायचं, पत्रं लिहून द्यायची, जखमांच्या पट्ट्या पुरवायच्या. आणि या कामाला दार उघडं ठेवलं. ज्या मुलीला यायचं तिनं यावं. आमच्या मराठी मुली आल्या, मारवाड्यांच्या आल्या, बोहऱ्यांच्या आल्या.

निघायच्या आधी प्रार्थना. आता इतक्या जणींची एक प्रार्थना कुठून आणायची? बाईंनी तोड काढली. घराघरांतून जुनी धोतरं, जुनी लुगडी मागवली. ती उकळून, वाळवून, फाडून लांब पट्ट्या केल्या. मुलींनी गोल बसायचं, एकेक पट्टी घ्यायची आणि गुंडाळायची. तोंडानं एक शब्द नाही. मनात ज्याचं त्यानं म्हणायचं. पट्टी संपली की प्रार्थना संपली.

आणि मग बाई फिरायच्या. हातात घेऊन पट्टी दाबून बघायच्या. सैल निघाली की, "उलगड, परत कर. देवाला घाई नाही." मी एकदा विचारलं, "अहो बाई, तुम्ही प्रार्थना तपासता की पट्ट्या?" म्हणाल्या, "प्रार्थना मी कशी तपासू? मला पट्टीच तपासता येते."

आता गावात काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. पोरींना बाटवतात म्हणे! मी याच शाळेत वावरते, मला डोळे आहेत. आमची एक मराठी मुलगी रडून बसली होती, मलाही निळी फीत हवी, पदक हवं. बाटवायचं असतं तर हाच मौका होता की नाही? बाईंनी तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाळ, ते तुझ्या घरचं नाही. तू नुसत्या हातांनी ये, मला पुरे." दिलं नाही पदक. शेवटपर्यंत दिलं नाही. ती मुलगी आज इथं उभी आहे, विचारा तिला.

मग ही आग लागली कुठून? सांगते. माझ्याच घरातून लागली.

माझी आई त्याच वॉर्डात आहे. पायाची जखम चिघळलीय, हिवाळ्यापासून खाटेवर पडून. आईला तुमच्यापैकी पुष्कळ जण ओळखतात. माझे वडील दरबारात कारकून होते, कृष्णपुऱ्यात आमचं बिऱ्हाड. एका शनिवारी दिवेलागणीला आई हात जोडून बसली, आणि तिला श्लोक आठवेनात. लहानपणापासून रोज म्हटलेले, आणि आठवेनात! ती घाबरली. माझा हात धरून म्हणाली, "सुमे, गेलं गं सगळं." मी सुरू करणार, तोवर वेणी घालणाऱ्या मुलीनं मागूनच म्हणायला सुरुवात केली. खणखणीत. आई तिच्यामागे म्हणत गेली. सगळं आठवलं तिला. पोरीला जवळ ओढून म्हणाली, "गुणाची गं बाई ती! कुणाची गं तू?"

ती रोझी होती. म्हणाली, "आजी, मी डिसोजांची. आम्ही छावणीत राहतो. शेजारच्या अंगणात रोज म्हणतात, ऐकून ऐकून येतं मला."

मला वाटलं, आता आई हात काढून घेणार. आमची आई म्हणजे सोवळ्याची, कडक. तिनं पोरीची हनुवटी धरून तोंड नीट बघितलं. मग म्हणाली, "क्लॅरिनेट वाजवायचे ते डिसोजा? संस्थानच्या बँडातले? अगं, माझ्या सुमीच्या लग्नात तेच होते की!" आणि म्हणाली, "तू माझं म्हटलंस. आता तुझं म्हण. मी ऐकते."

रोझीनं बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "आजींनी सांगितलंय ना? मग म्हण. हळू म्हण." तिनं म्हटलं. आईला एक अक्षर कळलं नाही. शेवटी "बरं वाटलं हो" म्हणाली आणि वेणी पुढं घालून घेतली.

बस्स. इतकंच झालं. मी तिथं होते.

आता माझा मोठा भाऊ. दादा तिसऱ्या रांगेत बसलाय. दादा, मान खाली घालू नकोस, मी भांडायला उभी नाही राहिले. दादा सचिवालयात आहे, आणि आपल्या राज्याला राजधान्या दोन. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, तर दादा ग्वाल्हेरला. उन्हाळ्यात सरकार इंदूरला, की दादा घरी. ही गोष्ट इथून निघाली आणि त्याच्यापर्यंत पोचेतो तिला शिंगं फुटली. कुणी सांगितलं, भिया, तुमच्या आईला दवाखान्यात येशूची प्रार्थना म्हणायला लावतात. दादानं मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. तिथं बसून शाळेला अर्ज ठोकला, हे बंद करा म्हणून. मग दुसऱ्या पालकांनीही ठोकले. आणि दुसऱ्या बाजूनं चर्चमधली काही मंडळी बाईंवर नाराज, की आमच्या पोरीनं श्लोक म्हटलेच का! घ्या! दोन्हीकडून एकाच बाईला ओढायचं.

दादा, मला तुझा राग येतो, आणि मला तुझं कळतंही. आई आजारी आणि तू लांब. माणूस लांब असला की जे कानावर येतं ते खरं वाटतं. पण आता तू इथं आहेस ना?

मोठ्या सिस्टरांनी मंडळ तूर्त थांबवलंय. त्यांना शाळा सांभाळायची आहे, मी समजू शकते. वातावरण निवळलं की बघू, असं म्हणतात. पण मोठ्या सिस्टर, निवळायचं कुणी? आपण सगळे घरी बसून वाट बघणार, आणि ते आपोआप निवळणार? बाई असत्या तर त्या दारोदार गेल्या असत्या. जाणारच होत्या. तापात मला म्हणाल्या, "उन्हाळ्यात मुली सैल गुंडाळतात, हाताला घाम येतो. लक्ष ठेवा." मंडळ बंद आहे हे त्यांना माहीत होतं. तरी हेच म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. कसलं लक्ष ठेवू, बाई? पट्ट्याच नाहीत, मुलीच नाहीत.

आई रोज विचारते, "सुमे, शनिवार झाला का गं? पोरी नाही आल्या?" काय सांगू तिला? तिच्या मुलानं थांबवल्या, हे सांगू? नाही सांगितलं मी. परीक्षा चालू आहे म्हणते. परीक्षा तर कधीच संपल्या, आणि आई काही खुळी नाही.

उद्या शनिवार आहे.

बाईंसाठी आपण आता शांत उभं राहायचं, असं कार्यक्रमात आहे. मी त्यात थोडा बदल करतेय, मोठ्या सिस्टर, मला माफ करा. घड्याळ बघून शांत राहणं बाईंना जमायचं नाही, मलाही नाही जमणार. मुलींनो, टोपल्या आणा पुढं. प्रत्येकाला एकेक पट्टी द्या. फादरना द्या, अर्ज करणाऱ्यांना द्या, सगळ्यांना द्या. कापड उकळलेलं आहे, पंपावर हात धुवायला लावूनच आत सोडलंय मी तुम्हाला, आता कळलं ना कशासाठी? उभं राहायचं नाही, बसूनच गुंडाळा. मनात ज्याचं त्यानं म्हणा. काही येत नसेल तर बाईंचं नाव घ्या. सैल झाली तर उलगडा, परत करा. मी फिरून दाबून बघणार आहे, कुणाचीही भीडभाड ठेवणार नाही. संपली की टोपलीत ठेवा. उद्या संध्याकाळी मी ती टोपली घेऊन दवाखान्यात जाणार आहे. ज्यांना आपली मुलगी माझ्याबरोबर पाठवायची आहे, त्यांनी पट्टी तिच्या हातात द्यावी, टोपलीत टाकू नये. मला कळेल.

रोझी, तिसऱ्या रांगेत जा. दादाला तूच दे.

दादा, घे. किनार ओळखलीस? तुझंच धोतर आहे, आईनं घरून मागवून दिलं होतं. नीट गुंडाळ. उद्या ते तिच्याच पायाला बांधायचं आहे.

बाई, नमस्कार. आम्ही सुरू करतो.