सलाम

चौऱ्याहत्तर साल. भिंगारच्या थांब्यावर कलाबाई नगरच्या बसची वाट बघत उभी होती. तिच्या पुढं लष्करी दवाखान्यात जवान पोराला भेटून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं.

"अवं, हिवतापच ना त्यो?"

"व्हय. आसामातनं आनलाय."

"मंग आपलं आख्खं गाव त्या गोळ्यांनी उठून बसलं. ह्यालाच कशा लागू पडंनात?"

"तिकडचा ताप त्या गोळ्यांना दाद देत न्हाई म्हनं. आता सलाईनीतनं कोयनेल सोडलंय."

"डोळे हळदीवानी पिवळे झाल्यात."

"ताप डोक्यात चढलाय, डाक्टर म्हनला."

"मला म्हनतो, 'बाई, हितं थांबू नका, पूल उडवायचाय.' आईला बाई म्हनतो वो!"

"मला सलाम ठोकला. हात खालीच घेईना. मंग मीबी ठोकला, तवा घेतला."

"तुमाला तरी सायेब समजला."

"चल, बस आली."

"तुमी जावा. मी म्हागारी जाते."

"अगं, त्यो तुला वळखत न्हाई."

"न वळखू दे. कुनीतरी बाई म्हनून बसंन."

"अन् म्हशीची धार?"

"शेजारी काढतील."

म्हातारा क्षणभर घुटमळला. मग तोही रांगेतून बाहेर पडला. कलाबाईला पुढची जागा मिळाली, तरी कंडक्टरनं हटकेपर्यंत ती त्या दोघांच्या पाठीकडंच बघत राहिली.