चादरीचं दुसरं टोक

व्यासपीठावर बसलेले सन्माननीय अध्यक्ष, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपल्या चर्चचे पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी नेहमीसारख्या अर्ध्याच खुर्चीवर बसलेल्या पाळकबाई, वडीलमंडळाचे आदरणीय सभासद, उजव्या हाताला बसलेले माझे थोरले बंधू आणि त्यांची माणसं, डाव्या हाताला बसलेले माझे धाकटे बंधू आणि त्यांची माणसं, आणि मधे बसलेली, अजून कुठल्याच बाजूला न लागलेली पाहुणे मंडळी, आपणा सर्वांना ख्रिस्ताच्या नावाने नमस्कार.

सचिवांनी मला बजावलं आहे, "ताई, फक्त चांगलं बोला." मी औषधाच्या दुकानात बसते. कडू गोळी गोड बोलून द्यावी, हे मला कळतं. पण गोड बोलताना गोळीच बदलून चालत नाही.

तर साहेबांचं सगळ्यांत मोठं कार्य कोणतं? मंडळीचं ऐक्य. मी म्हणत नाही, वार्षिक अहवाल म्हणतो. त्या ऐक्याची सुरुवात आमच्या घरापासून झाली, म्हणून बोलण्याचा मान मला मिळाला असावा.

आमचे बाबा सुतार. आज आपण ज्या बाकांवर टेकून बसला आहात, ते त्यांच्या हातचे. बाबा गेले, तेव्हा कबरीपाशी साहेब म्हणाले, "आता मुलांपैकी कोणीतरी प्रार्थना करावी." कोणीतरी. एवढा अनुभवी माणूस, पण नाव घ्यायची वेळ आली की साहेबांना खोकला येतो. दादाने सुरुवात केली, कारण तो थोरला. त्याच वेळी धाकट्याने सुरुवात केली, कारण दुखण्यात बाबांच्या उशाशी तो होता. दोघांचे डोळे मिटलेले. एकाने आवाज चढवला की दुसरा त्याच्यावर चढवायचा. आणि थांबणार कोण? जो आधी आमेन म्हणेल तो हरला. शवपेटीचे दोर धरून उभ्या राहिलेल्या माणसांचे हात कापायला लागले. स्वर्गातल्या बापाला दोन्ही कानांत आमच्या बापाचे तेच गुण ऐकवले जात होते. शेवटी दोर धरणाऱ्यांपैकीच एकजण वैतागून आमेन म्हणाला आणि बाबा सुटले.

भांडण एवढंच. घरावरून नाही, पैशावरून नाही. बाहेरच्या कुणी विचारलं तर मी सरळ सांगते की घरावरून झालं, कारण खरं सांगायची लाज वाटते.

त्यानंतर बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्यात, जो आता दोघे भाऊ चालवतात, मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. ती मात्र दोघांनी मिळून ठोकली, आपापल्या बाजूने. आणि आपण काय केलंत, बंधुभगिनींनो? कुणालाच दुखवायचं नाही म्हणून दाराची चौकट एकाकडे करायला दिलीत आणि दार दुसऱ्याकडे. आपल्यापैकी कितीजणांच्या घरचं दार आज नीट लागतं? हसू नका. ह्या सभागृहाचं बाजूचं दारसुद्धा त्याच युक्तीचं आहे, म्हणून तिथे वीट लावलेली आहे. ह्याला आपण समजूतदारपणा म्हणतो. दोन्ही डगरींवर हात ठेवायचे आणि वर म्हणायचं, आम्ही कुणाची बाजू घेत नाही.

आता प्रार्थनेकडे वळते. दादा दर रविवारी उभा राहून गहिवरून म्हणायचा, "प्रभू, माझ्या भावाचं कठीण हृदय मऊ कर." उजवीकडून दणक्यात आमेन. मग धाकटा उठायचा, "प्रभू, ज्याला स्वतःचा गर्व दिसत नाही, त्या माझ्या भावाचे डोळे उघड." डावीकडून त्याहून दणक्यात. शिवी द्यायला हिंमत तरी लागते. डोळे मिटून, हात जोडून शेजाऱ्याचं माप काढायला काय लागतं? माझ्या भावांना मी लहानपणापासून ओळखते. देवाशी बोलताना त्यांचा एक डोळा नेहमी किलकिला असायचा.

साहेबांनी ह्यावर तोडगा काढला. दादाला बुधवारची प्रार्थनासभा दिली, धाकट्याला शुक्रवारची. दोन्ही सभांचा विषय एकच, कौटुंबिक ऐक्य. अहवालात छापून आलं की आपल्या मंडळीत प्रार्थनासभा दुप्पट झाल्या. वरिष्ठांनी साहेबांची पाठ थोपटली. वेदीवर अर्पण वाहण्याआधी भावाशी समेट करायचा असतो, ह्या प्रभूच्या वचनावर साहेब किती सुंदर प्रवचन करतात. माझे दोन्ही भाऊ ते डोळ्यांत पाणी आणून ऐकतात, आणि आपापल्या दाराने घरी जातात. पालथ्या घड्यावर इतकं सुरेख पाणी ओतणारा माणूस आपल्याला पुन्हा मिळणार नाही.

सचिवसाहेब, घंटीवरचा हात काढा. तुमच्या कामाचंही कौतुक करायचं आहे. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटची प्रार्थनाच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं का? आभारानंतर थेट चहा. पाळकाला निरोप आणि तोही बिनप्रार्थनेचा. कारण ती दादाला दिली तर डावी बाजू उठून जाईल, धाकट्याला दिली तर उजवी. धन्य आपलं ऐक्य. त्याला देवाचंसुद्धा नाव सोसत नाही.

असो. आता आईबद्दल.

आई अंथरुणाला खिळली आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, कारण ती दोन्ही सभांमध्ये प्रार्थनेचा विषय आहे. तिला कूस बदलता येत नाही. तशीच उताणी पडून राहिली तर पाठीची कातडी फाटते. म्हणून तिच्या अंगाखाली आडवी चादर घातलेली असते. एकाने ह्या बाजूने धरायची, एकाने त्या बाजूने, आणि एकदम उचलून तिला वळवायचं. एकट्याने जमत नाही. मी करून पाहिलं आहे. आई खाटेच्या कडेला गेली होती, आणि मी गुडघ्याने तिला अडवून शेजारणीला हाका मारत होते.

दादाची माणसं येतात, खाटेभोवती उभी राहतात, डोळे मिटतात. धाकट्याची येतात, तीही मिटतात. एकदा आईने डोळे उघडून म्हटलं, "मिटताय कशाला? बघा जरा माझ्याकडे." नंतर मला म्हणाली, "ह्यांना सांग, यायचं तर हात मोकळे घेऊन या. पुस्तकं घरी ठेवा." तेव्हापासून मी भक्तमंडळींना दारातूनच परत पाठवते. ताई बिघडली, हाही आता प्रार्थनेचा विषय आहे, असं कळतं.

मग इतके दिवस चादरीचं दुसरं टोक कोण धरतं? साहेब, तुमच्या घरातून रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी महिलामंडळाच्या कामाला म्हणून बाहेर पडतं. महिलामंडळाला एवढं काम कुठून असणार? पाळकबाई, मान खाली घालू नका. तुम्ही सांगू नका म्हणाला होतात, आणि मी सांगते आहे. ह्या बाईंनी आमच्या घरात मोठ्याने एकदाही प्रार्थना केली नाही. पदर खोचायचा, टोक धरायचं, "आई, आता वळायचं हं" म्हणायचं, पाठीला तेल लावायचं आणि जायचं. ह्या मंडळीत मला देव दिसला असेल तर तेवढ्या वेळात. साहेबांचा हार जड असेल तर त्यांनी तो शेजारच्या खुर्चीवर उतरवून ठेवावा, एवढंच मी सुचवते.

उद्या सकाळी ह्या निघणार. म्हणजे उद्यापासून चादरीचं एक टोक रिकामं. नवीन पाळक येईल, तिसरी सभा काढील, तिला नाव देईल. आईजवळ तेवढे दिवस नाहीत. काल तिची पाठ मी पाहिली आहे. दादा, तू पाहिली नाहीस. धाकट्या, तूही नाहीस. मला तुमची दोघांची चीड येते, आणि भर सभेत हे सांगताना मला कणभरही संकोच वाटत नाही. एकमेकांशी बोलू नका. माफी मागू नका, तुम्हाला ती जमणार नाही, तिथेही आधी कोण ह्यावरून अडाल. फक्त एकाने एका बाजूला उभं राहायचं, दुसऱ्याने दुसऱ्या. खाट मधे आहेच. वळवायचं कधी ते आई सांगेल.

अध्यक्ष महोदय, आपण संयमाने ऐकून घेतलंत, आभारी आहे. साहेबांना पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. पाळकबाईंचे आभार मला मानता येत नाहीत, म्हणून मानत नाही. बोलण्यात कुणाचा अधिक-उणा उल्लेख झाला असेल तर पदरात घ्या. जो मुद्दाम केला, त्याची क्षमा मागत नाही.

दादा, तू उभा राहिलास. पाणी प्यायला उठला असशील तर तांब्या मागच्या टेबलावर आहे. घरी यायला उठला असशील, तर जरा थांब. धाकटा अजून चपला शोधतोय.