पातळ थराची थरथर

मास्तर दात साफ करून घ्यायला आले होते. दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत, समोरच्याच बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर दात खरवडायच्या नव्या यंत्राचा खोका होता. मास्तरांना सगळं ऐकू येत होतं.

"ताई, आतली जाड चकती काढून केसाहून पातळ थर बसवलाय. वीज दिली की थरथरतो."

"पण जोर दिलास की किती थरथरतो?"

"एका व्होल्टला जेवढा, त्याच्या शंभरपट शंभर व्होल्टला."

"मोजलंस?"

"एका व्होल्टला मोजलं."

"आणि उरलेले नव्याण्णव?"

"गुणले."

"वा. पहिली पायरी चढलास आणि गच्चीवरून काय दिसतं ते सांगत सुटलास."

"सरळ रेषेत वाढतं गं ते."

"तापेपर्यंत. मग थरथर मंदावते, तू आणखी जोर देतोस, थर तडकून सुटतो. तोवर यंत्राचं तापून चटका देणारं टोक कुणाच्या तरी हिरडीवर असतं."

"डॉक्टर आज पहिल्यांदाच वापरणार आहेत. आत काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? तुझा गुणाकार बोलेल."

दार उघडून परिचारिका मास्तरांना म्हणाली, "चला, आज नवं यंत्र आहे."

मास्तर हलले नाहीत.

"आधी हा खुर्चीत बसेल," ताई भावाकडे बोट दाखवून म्हणाली.

"माझे दात स्वच्छ आहेत, ताई."

"बस रे. यंत्र तुझंच आहे."

"बसा की," परिचारिका म्हणाली. "जोर पूर्ण ठेवायचा ना?"

भावाने खोका पोटाशी धरला. "डॉक्टरांचं जुनं यंत्र चालू आहे ना अजून?"

तेव्हा मास्तर उठले.