गुलाबच म्हणा

(कळमनुरीजवळचं गाव. मंजुळाबाईंच्या डोळ्याची पट्टी कालच सुटली आहे. त्या भिंतीवरच्या, नवऱ्यानं काढलेल्या चित्रासमोर उभ्या आहेत. मागे सून प्रतिक्षा; सासऱ्यांना ती मामा म्हणते.)

मंजुळाबाई : अगं, हे गुलाब न्हाईत!

प्रतिक्षा : आत्या, बसा आधी. डॉक्टरनं वाकू नका म्हणलंय.

मंजुळाबाई : वाकून कुठं राहिले? ह्यो तांब्या तर माझाच. बुडाचा पोचा बी काढलाय. अन् फुलं... हळदीची हायेत गं.

प्रतिक्षा : व्हय.

मंजुळाबाई : तुला ठाव व्हतं?

प्रतिक्षा : समद्याला ठाव व्हतं.

मंजुळाबाई : अन् मी दोन वर्सं गुलाब गुलाब करून राहिले, एकाचं बी तोंड उघडलं न्हाई?

प्रतिक्षा : मामानं उघडू दिलं न्हाई. म्हणले, 'तिला मोतीबिंदूनं दिसून न्हाई राहिलं. ती गुलाब म्हणली तर तुमी बी गुलाबच म्हणा. उगं लाजवू नका.'

मंजुळाबाई : मला इचारायचे, 'कसं झालंय?' मी भाकरी थापता थापता म्हणायचे, 'ब्येस हायेत गुलाब.' गुलाबी दिसायचं ना काहीतरी!

प्रतिक्षा : हसायचे मामा. म्हणायचे, 'आपरेशन होऊ द्या, कळंल तिला.'

मंजुळाबाई : दरसाली मागं लागायचे, चल म्हणून. मी आपली, हळद निघू द्या, शिजू द्या, वाळू द्या. अन् पोळ्याला तेच गेले. माझीच मेलीची अक्कल शेण खायला गेली व्हती.

प्रतिक्षा : पण आत्या, जलमभर दुकानाच्या पाट्या रंगवल्या मामानं. हे एकच चित्र, अन् ते बी हळदीच्या फुलाचं. काहून?

मंजुळाबाई : नवी नवरी व्हते मी. आमच्या कनेरगावकडं तवा हळद न्हवती. इथं पानात दडलेलं फूल दिसलं, खोसलं केसात. जावा खिदळल्या, 'बाईनं कणीस खोसलं!' मी रडत फेकून दिलं. ह्याईनं गुपचूप उचललं. बोलले काहीच न्हाईत. मला वाटलं, इसरले.

प्रतिक्षा : चाळीस वर्सं ध्यानात ठेवलं?

मंजुळाबाई : बघ ना. शेंड्याचा गुलाबी, खालचा पांढरा, मधला पिवळा टिपका... काही सोडलं न्हाई. बोटभर अक्षरं काढणारा हात, किती बारीक चाललाय! लई सुंदर झालंय गं. लई सुंदर.

प्रतिक्षा : मग सांगा की मामाला. फोटो हाय ना समोर.

मंजुळाबाई : फोटो कुठं इचारतो गं, कसं झालंय म्हणून?