दत्तूची गाडी, माझी सही

दुसऱ्याच्या गाडीसाठी माल बुक करायचं नाव माझ्यापुढे काढू नका. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कळंबोलीत माझा एकच ट्रक, तोही गॅरेजमध्ये, आणि नेमका तेव्हाच रबाळ्याच्या एका कारखान्याचा पंख्यांचा माल नागपूरला न्यायला मिळाला. सोडायचा कशाला? दोस्त दत्तूची गाडी रिकामी होती. माल ताब्यात घेतल्याची पावती माझ्या नावाची फाडली, सही ठोकली आणि माल त्याच्या गाडीत भरला.

आठ दिवस झाले तरी दत्तूचा पत्ता नाही. कारखान्याच्या मॅनेजरने मला थेट चौकीत नेलं.

"साहेब, गाडी माझी नाय," मी म्हणालो.

"पावतीवर सही कोणाची?" हवालदारांनी विचारलं.

"माझी."

"मग गाडी कोणाची का असेना, मालाला जबाबदार तूच."

मॅनेजरने तिथूनच नागपूरच्या गिऱ्हाइकाला फोन लावला, तर दत्तू नुकताच पोचून माल उतरवत होता. वाटेत अ‍ॅक्सल तुटला होता. मी रिसीव्हर हिसकावलाच.

"टेन्शन नको घेऊ, भावा," दत्तू खुशीत म्हणाला, "परतीला संत्री मिळालीत. पावतीवर तुझंच नाव टाकलंय."