पारोशानं लावायचा दिवा

हॅलो?… हॅलो, कोण?… अशू? अगं बोल, येतंय ऐकू. व्हॉट्सअ‍ॅपवरून इथे ओमानला कॉल लागत नाही, किती वेळा सांगू? हां, असा साधा फोनच कर.

नाही, झोपले नव्हते. इथे दहा वाजलेत. आज शुक्रवार, सुट्टी. अंबरीश मत्रहला गेलाय मासळी आणायला… तुझे सात ना? अंधारच असेल अजून… हो, माहितीये गं, महिनाभर सूर्यच उगवला नाही तुमच्या नॉर्वेत. कालही सांगितलंस.

काय?… परत बोल… राजीनामा? पीएच.डी.च्या नोकरीचा?

थांब. जरा थांब. गॅस बंद करते.

हां. लिहून झाला?… पाठवला नाहीस ना पण? तुझ्या मॅडम आठला येतात, त्याआधी पाठवणार… अशू, ऐक ना… नाही, ओरडत नाहीये. दमले की माझा आवाज असाच येतो.

हो, कळतंय. उठवत नाही. दात घासायचासुद्धा कंटाळा येतो. रडू येतं आणि कशाचं ते कळत नाही. नोव्हेंबरपासून ऐकतेय गं, पाठ झालंय मला.

मस्कतला ये की, कोण नको म्हणतंय? ऊन इथे ढीगभर पडलंय. तू आलीस तर मलाच बरं वाटेल… पण सुट्टी काढून ये. सगळं सोडून नको येऊस. त्या माशांच्या रोगांवर शिकायचं म्हणून बाबांशी वर्षभर भांडलीस, आठवतंय?… बरं, बरं, नाही आणत बाबांना मध्ये.

मला एक सांग. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाचा दिवा घ्यायला लावला होता, त्याचं काय झालं?… काही उपयोग नाही?… बसतेस का पण त्याच्यापुढे?… रोज? शपथ?… मग झोप?… रात्रभर टक्क जागी. आणि पहाटे कुठे डोळा लागतो, म्हणून उठवत नाही…

किती वाजता बसतेस?

संध्याकाळी?

अगं, त्यांनी सकाळी सांगितलं होतं ना? तूच म्हणालीस, उठल्या उठल्या अर्धा तास, चहा घेत… जमत नाही म्हणजे? बटण दाबायला काय जमायचंय त्यात?

… आंघोळ? आंघोळीचा काय संबंध?

थांब, नीट सांग. दिवा ठेवलायस कुठे?… टेबलावर. बरं… देवांपाशी?… दुसरं टेबलच नाही खोलीत. म्हणजे एकीकडे गणपती, एकीकडे अन्नपूर्णा, आणि मधोमध हा पांढराशुभ्र ठोकळा… अशू!

नाही, हसत नाहीये… बरं, हसतेय थोडी. सॉरी.

म्हणजे पारोशानं दिव्याला हात कसा लावायचा, म्हणून सकाळी लावत नाहीस. आंघोळ होत नाही, कारण उठवत नाही. मग कामावरून आलीस की हातपाय धुऊन लावतेस, दिवेलागण केल्यासारखी. रात्री उशिरापर्यंत त्या उजेडात बसतेस आणि झोप पळते. म्हणून परत सकाळी उठवत नाही!… धन्य आहे तुझी. पीएच.डी. करतेयस तू, बये!

… आईचा हात? हो गं, आठवतो ना. आंघोळीआधी देवापाशी गेलं की सटकन बसायचा. अजून मीपण नाही लावत आंघोळीआधी. खोटं कशाला बोलू?

पण अशू, हा काही देवाचा दिवा नाहीये. ते औषध आहे. तापाची गोळी काय आंघोळ करून घेतेस?

चल, ऊठ… आत्ता. मी आहे फोनवर… पांघरुणासकट ऊठ, मला काय दिसतंय?… उठलीस?… सांग तरी. यल्ला, चल टेबलापाशी.

देवांना लांबूनच नमस्कार कर, आणि दिवा उचलून खुर्चीवर ठेव. खाली पुस्तकं लाव… हात लागला? लागू दे. पाप लागलं तर माझ्या नावावर. मोठी बहीण सांगतेय ना? मी बघून घेईन देवाकडे.

लाव आता.

… लागला?

टक लावून बघू नकोस त्यात. जरा बाजूला ठेव, त्यांनी सांगितलंय तसा. डोळे उघडे राहिले म्हणजे झालं… अर्ध्या तासाचा गजर लाव… चहा नाही केलास? असू दे, तशीच बस. मी बोलते.

काय बोलू?… देविका, टीव्ही हळू कर! … ‘व्हाय’ म्हणे! पोरीला मराठीत सांगितलं की इंग्लिशमध्ये उत्तर… हां, ऐक. सुरमई येणार म्हणून मी वाटण करून ठेवलंय, आणि अंबरीश घेऊन येणार बांगडे. दर शुक्रवारचं आहे. आमच्या या गाला भागात सगळी गॅरेजं, धूळ येते म्हणून पडदे बंद. बाहेर एवढं लख्ख ऊन, आणि मी ट्यूब लावून कांदा चिरत बसलेय.

मेल आज नको पाठवूस… कधीच नको असं कुठे म्हणतेय? आधी थोडे दिवस सकाळी बसून बघ. डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांग. संध्याकाळी बसत होते म्हणावं… लाजायचं काय त्यात? पारोशी म्हणजे काय ते समजव त्यांना, बरा वेळ जाईल… आणि तरीही नाहीच जमलं, तर तिकीट मी काढते. खलास.

… हसलीस? हसलीस तू आत्ता. नाही म्हणू नकोस, ऐकलं मी.

अशू?… आहेस ना?

काय विचारलंस?

मी?… मी कशी आहे?

… काही नाही गं. नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच विचारलंस… टोमणा नाही मारत. खरंच नाही.

बरी आहे… नाही, बरी नाहीये फारशी. फोन वाजला की छातीत धस्स होतं, आज काय सांगशील म्हणून. आणि नाही वाजला की जास्तच. अंबरीश म्हणतो, तू इथे बसून काय करणार? बरोबर आहे त्याचं. काय करणार? पण जीव तुझ्यातच असतो दिवसभर. दमलेय मी, अशू.

… रडत नाहीये, कांदा आहे… बरं, रडतेय. तू बस दिव्यापाशी. नको, नको बंद करूस! वेळ आहे अजून.

… पडदा? माझा?… आत्ता कशाला? धूळ येईल घरात… बरं बाई, उघडते.

… उघडला… हो, आलं. पार ओट्यापर्यंत आलं ऊन.

… छे, आंघोळ कुठली? मीपण पारोशीच.

वाजला ना तुझा गजर?… मेल?… पाठवला नाहीस, एवढं पुरे. जा, आंघोळ कर आता. उद्या आधी दिवा, मग आंघोळ… मी? मी बसते जरा इथेच. उन्हात… हो. ठेव तू.