जाळीकडे पाठ

धाकटा : पण काकू, तो इथे आहे की नाही एवढंच सांगा. हो किंवा नाही.

काकू : नाही सांगणार. चादरीचं ते टोक धरा.

धाकटा : अहो, मी त्याचा सख्खा भाऊ आहे. धाकटा.

काकू : असाल. टोक धरा म्हणते ना. बत्तीस खाटा आहेत बेघरांच्या या निवाऱ्यात, म्हणजे बत्तीस चादरी. एकटीने घड्या घातल्या तर माझी कंबर जाईल. हं, झटका. असं नाही! घरी कधी चादरीला हात लावलेला दिसत नाही.

धाकटा : बायको घालते घड्या.

काकू : वाटलंच. कोपऱ्याला कोपरा लावा.

धाकटा : सहा वर्षं शोधतोय मी दादाला. परवा पालिकेच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने त्याला ओळखलं. साखरेमुळे पायाची जखम चिघळलीय म्हणाला, आणि इथली एक बाई त्याला मलमपट्टीला घेऊन येते.

काकू : त्या कंपाउंडरच्या तोंडात तीळ भिजत नाही. भेटते त्याला. आमचे सात-आठजण जातात मलमपट्टीला. बरं, कागद आणलाय का?

धाकटा : कसला कागद?

काकू : सहीचा. घराचा हिस्सा सोडल्याचा. इथे आलेल्या नातेवाइकांपैकी निम्मे तोच घेऊन येतात. डोळ्यांत पाणी आणि खिशात पेन.

धाकटा : झडती घ्या माझी. रुमालाशिवाय काही निघणार नाही.

काकू : झडती नको. दुसरी चादर घ्या.

धाकटा : ती कोण हो? तिकडे, दारात त्या म्हाताऱ्याचे पाय धुतेय ती?

काकू : आमची झाडूवाली. तिचं कामच नाही ते. मी सांगून दमले. आधी पाय धुते, मग एकेका बोटाच्या बेचक्यात डोकावते, जखम आहे का म्हणून. तिच्या नजरेला पडलं नसतं, तर आतल्या तिघांचे पाय कापावे लागले असते. डॉक्टरच म्हणतात.

धाकटा : खरं सांगू? पालिकेचं म्हटल्यावर मला वाटलं, माणसं कोंबून ठेवली असतील. नाक दाबूनच आत शिरलो. इथे तर दारातून दिसतात त्या प्रत्येक खाटेशी ज्याचा त्याचा कंगवासुद्धा आहे. माझी मलाच लाज वाटली.

काकू : कंगव्यावरून तर इथे भांडणं होतात!

धाकटा : मग अशी चांगली माणसं तुम्ही, मला दोन मिनिटं भेटू का देत नाही?

काकू : ऐका. दोन वर्षांपूर्वी एकजण बापाला शोधत आला. ढसाढसा रडला. मला दया आली, नेला सरळ खाटेपाशी. म्हातारा कुशीवर वळला. तासाभराने संडासाच्या खिडकीतून निघून गेला, बँडेज बांधलेल्या पायाने. चार दिवसांनी पुलाखाली सापडला. तोवर उशीर झाला होता. ती चूक माझी. पुन्हा करणार नाही.

धाकटा : पण मग घरच्यांनी करायचं तरी काय?

काकू : हेच. इथे बसायचं, चादरींच्या घड्या घालायच्या, बोलायचं. ती समोरची जाळी दिसते ना? पलीकडे आमचं जेवणघर आहे. ज्याचं कुणी आलंय त्याच्या कानावर आम्ही घालतो. त्याला वाटलं तर तो तिथे येऊन बसतो. बघतो, ऐकतो. मग यायचं की नाही ते तो ठरवतो.

धाकटा : आत्ता आहे कुणी तिकडे?

काकू : मला माहीत नाही. मी मुद्दाम जाळीकडे पाठ करून बसते. कुणी विचारलं तर खोटं बोलायला नको.

धाकटा : अंधार आहे पलीकडे. काही दिसत नाही.

काकू : तुम्हाला दिसायचंच नाही. बोला. नाही बोललात तरी चालेल, चादरी आहेत अजून.

धाकटा : दादाला डोक्याचा त्रास होता. तासन् तास भिंतीशी बोलायचा. कुणाला बोटही लावलं नाही त्याने कधी. माझ्या मुलीला बघायला मुलाकडची माणसं येणार होती. मी त्याला म्हटलं, दोन दिवस बाहेर राहा. फक्त दोन दिवस, दादा, लोक काय म्हणतील. त्याने मान हलवली. चप्पल घातली. पिशवीसुद्धा घेतली नाही. मी दाराला कडी लावली, काकू. आतून. तो परत येईल म्हणून. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी शाळेत गेलोय. चुकलो मी. त्याला यायचं नसेल तर नको येऊ दे. नुसतं सांगा, मी येऊन गेलो. पण पायावर उपचार घ्यायला सांगा. माझ्या भीतीने पळून जाऊ नको म्हणावं.

(जाळीपलीकडे बाक सरकतो. कुबडीचा आवाज हळूहळू दारापर्यंत येतो.)

थोरला : मग ठरलं का तिचं?

धाकटा : दादा!

थोरला : पोरीचं विचारतोय.

धाकटा : ठरलं. तिथेच ठरलं. मुलगा आहे तिला, चार वर्षांचा. किती वाळलास रे तू. चल, घरी चल. आत्ता चल.

थोरला : आज नाही.

धाकटा : राग आहे ना अजून?

थोरला : होता. खूप होता. आता गोळ्या चालू आहेत, भिंतही हल्ली गप्प असते. पण जखम भरायला महिना लागेल, आणि मी गेलो तर त्या पाय धुणाऱ्या बाईला चैन पडायचं नाही. रोज माझीच बोटं मोजते ती. काकू, याला आत नेऊ का?

काकू : मला काय विचारता? पाहुणा तुमचा आहे.

थोरला : ये रे. माझी खाट दाखवतो तुला. खिडकीजवळची मिळालीय.